नऊ डिसेंबरची तयारी

जयंत्या-पुण्यतिथ्यांची आमच्या नर्सिंग स्कूलची एक ठरलेली रीत आहे. टेबलावर पांढरी चादर, त्यावर फोटो, झेंडूचा हार, उदबत्ती, पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन. मग एखादी विद्यार्थिनी मोबाइलवरून उतरवलेलं भाषण एका दमात वाचून टाकते आणि शेवटी चहा-बिस्किटं. माझं या रीतीशी भांडण नाही, चहा चांगला असतो. पण जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींवर उपचार करायला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. त्यांच्या स्मृतिदिनाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी प्राचार्या मॅडमना म्हटलं, हार राहू दे, मला ओपीडीकडे जाणाऱ्या पॅसेजची भिंत द्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुली द्या. भिंत लगेच मिळाली. मुली मात्र वॉर्ड ड्यूटी आणि इंटर्नल सांभाळूनच मिळतील, असं बजावण्यात आलं.

पहिल्या दिवशी विचारलं, कोटणीसांबद्दल काय माहीत आहे? "चीनला गेले होते." "त्यांच्यावर जुना पिक्चर आहे." "भैय्या चौकात स्मारक आहे, मी त्याच्यासमोरूनच येते." एक म्हणाली, "ते अ‍ॅक्युपंक्चरचे डॉक्टर ना?" हा गैरसमज बऱ्याच लोकांचा आहे आणि तो का आहे तेही सांगायला हवं. कोटणीस अ‍ॅलोपॅथीचे, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून शिकलेले, चीनमध्ये त्यांनी सर्जरी केली. त्यांच्याबरोबर गेलेले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५० च्या दशकात पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि ते इकडे रुजवलं. त्यातून उभ्या राहिलेल्या काही दवाखान्यांना कोटणीसांचं नाव दिलं गेलं. पाटी एकाची, विद्या दुसऱ्याची.

भिंतीसाठी मी एकच नियम केला: विशेषणं बंद. थोर, महान, मानवतावादी, करुणामूर्ती, साहसी यांतलं काहीही कार्डशीटवर दिसता कामा नये. त्यांनी काय केलं तेवढंच लिहायचं. मुली हिरमुसल्या, कारण निबंधाचं अर्धं भांडवल तिथेच संपलं. पण वॉर्डातला रिपोर्ट आपण असाच लिहितो ना? "रुग्ण फार धीराचा आहे" असं आपण लिहीत नाही. नाडी किती, ताप किती, किती वाजता काय दिलं, तेवढं लिहितो, आणि वाचणाऱ्याला धीर त्यातूनच कळतो.

आधी स्मारक पाहून आलो. ते त्यांचं जन्मघर. सोलापूर महानगरपालिकेने त्याचं स्मारक केलं आणि २०१२ पासून ते खुलं आहे. तिथले फोटो पाहताना मुलींना सगळ्यात नवल वाटलं ते वयाचं. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, ९ डिसेंबर १९४२ ला मृत्यू. बत्तीस वर्षं. "मॅडम, आपले आरएमओ सर पण एवढेच असतील," एक कुजबुजली. आरएमओ सर म्हणजे आमचे निवासी वैद्यकीय अधिकारी. त्यांचा तिथे काही संबंध नव्हता, पण तिला जे समजायचं ते समजलं होतं. पुतळ्याला वय नसतं. ज्याच्याकडे रोज सह्या घ्यायला जातो त्या माणसाएवढाच हा होता, हे कळलं की पुतळा खाली उतरतो.

नकाशाने आमचा जीव घेतला. चीनचा नकाशा झेरॉक्सवाल्याकडून तुकड्या-तुकड्यांत छापून आणला आणि फेव्हिकॉलने जोडला. मग लक्षात आलं की जुन्या मराठी पुस्तकांत कँटन, हँकाव, चुंगकिंग आहे आणि नकाशावर ग्वांगचौ, वुहान, चोंगछिंग. येनान एकटं ओळखू आलं. दोन संध्याकाळी गावं जुळवण्यात गेल्या. अक्कलकोटच्या एका मुलीने वहीत तक्ताच केला, डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. शेवटपर्यंत सगळ्या जणी त्या वहीवर अवलंबून होत्या आणि ती त्याचा पुरेपूर भाव खात होती.

भिंतीवर कोटणीसांच्या प्रवासाचा दोरा मुंबईपासून सुरू झाला. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी चढाई केली. चिनी कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची आणि औषधांची मागणी केली. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी लोकांना आवाहन केलं, निधी गोळा झाला, एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर तयार झाले. अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल पथकाचे प्रमुख, ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे मोरेश्वर चोळकर, वयाने बरेच मोठे. कलकत्त्याचे बसू आणि देवेश मुखर्जी. आणि पदवी घेऊन जेमतेम दोन वर्षं झालेले, पुढच्या परीक्षेच्या तयारीत असलेले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोटीने हे पथक मुंबईहून निघालं. जायचं होतं एका वर्षासाठी.

चीनबद्दल घरात एवढंच ठाऊक होतं की तिकडचे लोक रेशीम विकायला येतात, असं त्यांच्या बहिणीने पुढे एकदा सांगितलं होतं. वडिलांनी जायला पाठिंबा दिला, आई मात्र दुःखी होती. मुलींना हे ऐकवलं तेव्हा हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या बऱ्याच जणी हसल्या. प्रवेश घेताना त्यांच्या घरीही हेच झालेलं.

सोलापूर १९३० चा विषय इथे निघणारच होता. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर आमचं शहर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. मुली चार हुतात्मा पुतळ्यावरून रोज रिक्षा पकडतात. त्यांनी लगेच लिहून टाकलं, "या घटनेचा कोटणीसांच्या कोवळ्या मनावर खोल परिणाम झाला." मी विचारलं, कोणी सांगितलं? उत्तर नव्हतं. ते वाक्य खोडलं. तेव्हा ते एकोणीस-वीस वर्षांचे होते आणि हे त्यांचं गाव होतं, एवढं लिहून थांबलो. खरं सांगायचं तर परिणाम झालाच असणार असं मलाही वाटतं. पण वाटणं भिंतीवर लावायचं नाही, हा माझाच नियम.

पथक पोचलं तेव्हा चीनची मोठी शहरं एकेक करून पडत होती. कँटनला चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी पथकाचं स्वागत केलं. ऑक्टोबर संपायच्या आत कँटन आणि हँकाव दोन्ही जपानच्या हाती गेली होती. म्हणजे आमचा दोरा ज्या गावातून पुढे सरकत होता, ते गाव मागे शत्रूच्या ताब्यात जात होतं. एका मुलीने अशा गावांवर काळं कोरं कार्ड चिकटवायला सुरुवात केली. सांगितलं कोणीच नव्हतं. भिंतीवरची सगळ्यात चांगली कल्पना तीच ठरली.

मी स्वतः लावल्या त्या लाल पिना. जिथून कोटणीसांना घरी परतता आलं असतं आणि ते परतले नाहीत, तिथे लाल पिन. पहिली चुंगकिंगला. तिथे असताना वडील गेल्याची बातमी आली. पथक अजून येनानला पोचलंही नव्हतं. परत फिरले असते तर कोणी बोट दाखवलं नसतं. ते पुढे चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला गेले, १२ फेब्रुवारी १९३९ ला पोचले.

या पिनेवरून वर्गात जे झालं ते मी ठरवूनही घडवू शकले नसते. मंगळवेढ्याची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, उभी राहिली आणि म्हणाली, "वडील गेल्यावर यायला नको होतं का? आईचं काय?" निम्मा वर्ग तिच्या बाजूने झाला. दुसऱ्या निम्म्याचं म्हणणं, तेव्हा चुंगकिंगहून सोलापूरला यायला कित्येक आठवडे लागले असते, दिवसकार्य केव्हाच उरकलं असतं. "दिवसकार्यासाठी नाही, आईसाठी," ती म्हणाली. याला उत्तर नाही, आणि मीही दिलं नाही. ज्या माणसाची आपण करुणा करुणा म्हणून आरती करतो, त्याच्या करुणेची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली होती, हे त्या मुलीला दिसलं. दरवर्षीच्या भाषणांत ते कुणाला दिसत नाही.

दुसरी पिन १९३९ च्या अखेरीला. वर्षाची मुदत संपली. चोळकर आणि मुखर्जी परतले, पुढे तब्येतीमुळे अटलही परतले. बसू आणि कोटणीस राहिले. यात परतणाऱ्यांचं कमीपण नाही, ते आम्ही मुद्दाम वेगळ्या कार्डावर लिहिलं. एका वर्षासाठी गेलेले परत आले, इतकंच. कोटणीस मात्र येनानच्या गुहांमधल्या रुग्णालयातून आणखी पुढे, आघाडीवर गेले. तिथून पुढचा प्रवास घोड्यावर, पायी, रात्रीचा, शत्रूच्या फळीमागच्या डोंगरांतून.

आता आमच्या खात्यातला भाग. ऑगस्ट १९४० मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेने जपानच्या रेल्वेवर आणि ठाण्यांवर मोठा हल्ला चढवला, 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' म्हणतात तिला. त्या मोहिमेतल्या तेरा दिवसांत कोटणीसांच्या पथकाकडे आठशेच्या वर जखमी आले आणि त्यांतल्या ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, अशी चिनी नोंद आहे. सलग ७२ तास झोप न घेता त्यांनी ऑपरेशनं केली, असंही सांगतात. हा आकडा भाषणात येतो आणि टाळ्या घेऊन जातो. मी मुलींना म्हटलं, टाळ्या नकोत, भागाकार करा. दिवसाला ४३. टेबल चोवीस तास चालू ठेवलं तरी एका माणसाला चौतीस मिनिटं पूर्ण मिळत नाहीत. मग ऑपरेशन थिएटरमध्ये पोस्टिंग झालेल्या मुली बोलायला लागल्या. सेट उकळायला किती वेळ? हातमोजे किती जोड्या? मध्ये टेबल पुसणार कोण? एवढे गॉज आणले कुठून?

गॉज आणले नव्हते, धुऊन परत वापरले होते. त्या भागाची जपान्यांनी कोंडी केली होती आणि येनानकडे जाणारी औषधं कम्युनिस्टांशी बिनसलेल्या चिनी सरकारनेही रोखली होती. बँडेज धुवायचं, उकळायचं, वाळवायचं, पुन्हा गुंडाळायचं. आम्ही एक जुनं बँडेज तसं करून पाहिलं आणि दोन वेळा धुतल्यावर ते कसं दिसतं ते भिंतीवर टाचलं. ५५८ मधली सगळी मोठी ऑपरेशनं नसणार. जखम साफ करणं, मेलेलं मांस काढणं, गोळी किंवा छर्रा काढणं हेच बहुतेक असणार, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. त्याने काही कमी होत नाही. अँटिबायोटिक नसताना वेळेवर साफ केलेली जखम हाच जीव वाचवण्याचा मुख्य मार्ग होता. आणि अशा तेरा दिवसांत सर्जनबरोबर उभे राहणारे, पाणी उकळणारे, स्ट्रेचर उचलणारे किती हात लागले असतील याचा हिशेब नर्सिंगच्या मुलींशिवाय कोण मांडणार?

जखमेची गोष्ट निघाली की बेथ्यून येतात. नॉर्मन बेथ्यून, कॅनडाचे सर्जन. कोटणीस त्या डोंगरांत पोचायच्या थोडं आधी, १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले. ऑपरेशन करताना बोटाला कापलं, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग झाला. ऑपरेशनची सगळी सामग्री खेचराच्या पाठीवर मावेल अशी बांधणी याच माणसाने तयार केली होती. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. बेथ्यून यांचं कार्ड मुलींनी भिंतीवर न लावता हात धुण्याच्या बेसिनवर लावलं. बोटाला कापलं तर लगेच सांगा, हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगते. त्या कार्डाने ते काम जास्त नीट केलं.

मग तो प्रश्न आला, ज्याची प्राचार्या मॅडमना पहिल्यापासून धास्ती होती. एका मुलीचा चुलतभाऊ सैन्यात आहे. ती म्हणाली, "गलवानमध्ये आपले वीस जवान मारले त्यांनी. अन् आपण त्यांच्यासाठी मेलेल्या माणसाचा कार्यक्रम करतोय?" प्रश्न रास्त होता. मी तारखांचा एक वेगळा पट्टा करायला सांगितला. १९३७ जपानची चढाई. १९४२ कोटणीसांचा मृत्यू. १९४९ चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता. १९६२ युद्ध. २०२० गलवान. कोटणीस ज्या चीनमध्ये गेले तो मार खाणारा देश होता, आणि जखमेवर पट्टी बांधताना त्याची पुढची पिढी काय करील हे कोणत्याच डॉक्टरला विचारता येत नाही. त्या मुलीचं समाधान झालं का? पूर्ण नाही. तिने पट्टा मात्र स्वतः लावला, गलवानची तारीख ठळक करून. ठळकच राहू दिली.

जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले, हे कार्ड लावायचं की नाही यावरही चर्चा झाली. "कशाला उगाच," असं मॅडमचं म्हणणं. मी म्हटलं, त्यांनी केलेली गोष्ट आहे, विशेषण नाही. लागलं.

दोन्ही देशांचे पाहुणे येतात तेव्हा कोटणीसांचा मैत्रीचा पूल होतो. चीनचे नेते भारतात आले की त्यांच्या नातलगांना भेटायचे, आणि ते चांगलंच आहे. पण पुलावरून लोक ये-जा करतात, पुलाकडे कोणी बघत नाही. मला ते शिकवताना बघायचे होते. कारण शेवटची दोन वर्षं त्यांचं मोठं काम शिकवणं हेच होतं. बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकशाळेत ते चिनी भाषेत शिकवत. चिनी ते तिथेच शिकले होते. पुस्तकं नव्हती म्हणून स्वतः लिहायला बसले. शस्त्रक्रियेचं एक पाठ्यपुस्तक पुरं केलं, दुसरं हातात होतं.

याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान त्यांना भेटल्या. म्हणजे माझ्यासारखी ट्यूटर! हे मी वर्गात जरा जास्तच जोरात सांगितलं असावं, कारण मुली पुढे चार दिवस मला चिडवत होत्या. १९४१ च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला, त्याचं नाव इनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

तिसरी लाल पिन लावताना मला त्यांचा राग आला, अगदी वॉर्डातल्या रुग्णाचा येतो तसा. त्यांना फिट येत होत्या. उपचारासाठी मागे, सुरक्षित ठिकाणी जा, असं वरिष्ठांनी सुचवलं होतं आणि ते गेले नाहीत, असं सांगितलं जातं. अपस्मारावर तेव्हा औषध नव्हतं असं नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात होतं, फेनिटॉइन नुकतंच आलं होतं. पण त्या कोंडलेल्या डोंगरांत ते येणार कुठून? आणि ज्याला रोज दुसऱ्याच्या जखमा दिसतात त्याला स्वतःच्या आजाराला रजा टाकणं जमत नाही, हे मी डॉक्टर-सिस्टर मंडळींत पुष्कळ पाहिलं आहे. डॉक्टर म्हणून उत्तम, रुग्ण म्हणून अवघड. हे विशेषण झालं, पण ते मी भिंतीवर लावलं नाही, तोंडी सांगितलं. ८ डिसेंबरला दुसऱ्या पुस्तकाचं लिखाण चालू असतानाच झटका आला. मग एकामागून एक येत राहिले. ९ तारखेच्या पहाटे ते गेले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

तिथे मी मुलींना फिट आलेल्या रुग्णाची काळजी पुन्हा करून दाखवायला लावली. कुशीवर वळवणं, तोंडात काहीही न घालणं, वेळ घड्याळात बघणं. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांसमोर हेच दाखवलं. एका पाहुण्यांनी चपलेचा वास देण्याबद्दल विचारलं आणि मुलींनी त्यांना नम्रपणे पण पक्कं समजावलं. दीपप्रज्वलन झालं, हारही होता. भाषण कोणी केलं नाही. दोघी-दोघी भिंतीपाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होत्या. ओपीडीला आलेली माणसं केसपेपर हातात धरून थांबत होती. सैनिकाची बहीण गलवानच्या पट्ट्यापाशी उभी होती आणि त्यावर वाद घालणाऱ्या एका काकांना तारखा ऐकवत होती.

माओंच्या शोकसंदेशातलं वाक्य, सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र, हे खाली लावलं होतं. कोटणीसांचे अवशेष १९५३ मध्ये श-च्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात हलवले, बेथ्यून यांचंही स्मारक तिथेच आहे. पण लोक जास्त रेंगाळले ते छिंगलान यांच्या कार्डापाशी. पुढे काय झालं त्यांचं? पुढे त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या, कोटणीसांच्या नातलगांशी त्यांनी संबंध टिकवला आणि २०१२ मध्ये वारल्या. मुलगा डॉक्टर होण्याच्या बेतात असताना १९६७ मध्ये, अवघ्या चोवीस-पंचविसाव्या वर्षी गेला. म्हणजे नवऱ्यानंतर सत्तर वर्षं आणि मुलानंतर पंचेचाळीस.

यंदा पुन्हा भिंत मिळणार आहे आणि या वेळी विषय मुलींनीच ठरवला आहे: क्वो छिंगलान. अडचण अशी की त्यांच्यावर मराठीत जे सापडतं त्यात त्या 'पत्नी' म्हणूनच येतात. त्या काय शिकवत, कसं शिकवत, आठव्या मार्ग सेनेत परिचारिकांचा अभ्यासक्रम काय होता, ते हवं आहे. त्या भारतात आल्या तेव्हाची कात्रणं, फोटो किंवा कुणी घेतलेली मुलाखत एखाद्याच्या घरी ट्रंकेत असेल तर मूळ नको, झेरॉक्स चालेल. झेरॉक्सचे पैसे शाळा देईल, मॅडमना विचारून ठेवलं आहे.